मामांची कुजबुज

३ मार्च

ती. मामा,

नमस्कार. आधी भांडण, मग खुशाली.

शुक्रवारी ऑफिसातून मी फोनवर विचारलं, मामीचा गुडघा कसा आहे? तुम्ही म्हणालात, हो हो, दोन वेळा. मी पुन्हा ओरडून विचारलं, तर म्हणालात, तुलाही तेच, आणि फोन ठेवून मोकळे झालात. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा अजून हसतोय. तेव्हा यापुढे पत्रच लिहीन म्हणते. कागद तरी तुम्हाला ऐकू येतो.

मी नेमकं काय काम करते असं तुम्ही मागे विचारलं होतं. आमच्या मजल्याच्या टोकाला एक शांत खोली आहे. भिंतींना, छताला जाड स्पंज, आणि दार इतकं जड की खांदा लावून ढकलावं लागतं. आत उभं राहिलं की स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं. तिथे बसून मी कानाची यंत्रं जुळवते. कंपनीतली बाकीची मंडळी तरुण पोरांसाठी गाणी ऐकायची यंत्रं बनवतात. पैसा सगळा तिकडे. आम्ही चौघंच म्हाताऱ्या कानांचं बघतो. इतर लोक टूं-टूं आवाज काढून यंत्र बसवून देतात. आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, ज्याचं बोलणं तुम्हाला सगळ्यात आधी ऐकायचंय असं घरातलं एक माणूस बरोबर घेऊन या. ते माणूस त्या खोलीत बसून रोजचं काहीबाही बोलतं आणि आम्ही त्याच्या बोलण्यावर यंत्र बसवतो. याला आम्ही 'घरचा आवाज' म्हणतो. वेळ फार जातो आणि नफा नावाला नाही.

म्हणूनच साहेबांनी परवा सांगितलं, जूनपर्यंत एखादी मोठी मागणी आली तर ठीक, नाहीतर विभाग बंद. नोकरी जाणार नाही, गाण्यांच्या विभागात पाठवतील. पण मामा, मला नाही हो जायचं. परवा एका आजोबांनी यंत्र लावून नातीचं बोलणं ऐकलं आणि तिला म्हणाले, तू तोतरी आहेस हे मला कुणी सांगितलंच नाही. दोघं किती हसली. असं काम सोडून मी कुठे जाऊ?

तुमच्यासाठी एक यंत्र बाजूला काढून ठेवलंय. लगेच नाही म्हणू नका.

बाकी ऑफिसात सध्या गंमतच चाललीय. सगळ्या भिंतींना रंग. वर्षभर बंद पडलेली लिफ्ट अचानक चालू. कॅन्टीनमध्ये कोरे करकरीत काटे-चमचे. परवा दोन उंच परदेशी पाहुणे आले, ते साहेबांबरोबर थेट शांत खोलीत शिरले आणि टेप लावून दार, भिंती, सगळं मोजून गेले. साहेबांनी त्यांच्याबरोबर फोटोही काढून घेतले. आम्हाला टेबलं आवरायचा हुकूम. काय शिजतंय कुणास ठाऊक.

मामीला म्हणावं, गुडघ्याचं तूच लिही.

तुमची,
खारूताई

१२ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचं मला व्यवस्थित ऐकू आलं होतं. फोनच खराब आहे. दोन वेळा म्हणजे दोन वेळा तेल लावते, असं उत्तर होतं ते. तुम्हा शिकलेल्या पोरींना थोडक्यात बोललेलं कळत नाही, त्याला मी काय करू?

तुझ्या यंत्राचं कौतुक आहे, पण ते गरजवंताला दे. अर्धं आयुष्य मी छापखान्यात मशीनशेजारी उभा राहिलो. कुठला रूळ कोरडा पडलाय ते नुसत्या आवाजावरून सांगायचो. असा माझा कान आहे.

आता मुद्द्याचं. तू भोळी आहेस, म्हणून तुला दिसलं पण उमगलं नाही. छपाईच्या अक्षरांचे खिळे सुटे असतात तोवर त्यांना काही अर्थ नसतो. ओळीत लावले की शब्द होतो. लाव बघू ओळीत. रंग, लिफ्ट, काटे-चमचे, उंच पाहुणे, टेप. घर विकायचं असलं की माणूस आधी भिंती रंगवतो, आणि घेणारा आला की टेप लावतो. खारे, तुझी कंपनी विकली जातेय, आणि घेणारा परदेशी आहे. पाणी मुरतंय ते इथेच.

तू नोकरीला लागलीस तेव्हा मी कौतुकाने तुझ्या कंपनीचे शेअर घेतले होते, ते कपाटात साड्यांखाली पडून आहेत. मास्तर म्हणतात, परदेशी माणूस घेतो तेव्हा चढ्या भावाने घेतो. मास्तर तुला आठवत असतील, भूगोलाचे. निवृत्त झाल्यापासून रोज न्हाव्याच्या दुकानात पेपर वाचायला येतात. सगळ्या देशांच्या राजधान्या पाठ आहेत, त्यामुळे शेअर बाजारही आपल्यालाच कळतो अशी त्यांची समजूत आहे. तशी ती चुकीची नाही.

आणि तुझ्या विभागाची चिंता सोड. त्या देशांत म्हातारी माणसं उदंड. नवा मालक तुला डोक्यावर घेऊन नाचेल.

मी हे कुणापाशी बोललेलो नाही. फक्त मास्तरांच्या कानात सांगितलं, तेही अगदी हळू. शेजारी उभ्या असलेल्या न्हाव्यालासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

तुझा,
मामा

(वेगळ्या चिठोऱ्यावर)

पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय, म्हणून ही चार अक्षरं आत सारते. गुडघा बरा आहे. यांचा कान बरा नाही. काल तुझी मावशी दारात घंटा वाजवून वाजवून परत गेली, आणि हे आत खुर्चीत बसून म्हणतात, आज दुपार किती शांत आहे. हल्ली शेअरचे कागद सारखे काढून बघतात. परसातल्या खोलीचं छप्पर यंदा करायचं ठरलंय. त्या पैशांकडे यांनी बघू नये, एवढं तू लिही. माझं ऐकत नाहीत, म्हणजे दोन्ही अर्थी.

मामी

२५ मार्च

ती. मामा,

तुमचं पत्र वाचून आधी मी पोट धरून हसले. नंतर हसू पळालं, ते का ते सांगते.

आधी तुमचे खिळे सुटे करते. रंग दर तीन-चार वर्षांनी देतातच. लिफ्टचा माणूस वर्षभर तारखा देत होता, तो एकदाचा आला. जुने चमचे लोकांनी घरी नेले म्हणून नवे आणले. आणि ते उंच पाहुणे, नंतर कळलं, ज्या कारखान्यातून आमचं जड दार आलं तिथले कारागीर होते. दार करकरायला लागलं होतं, आणि शांत खोलीचं दार करकरलं तर ती खोली कसली? माप घेऊन गेले, आता नवी बिजागरी पाठवतील. साहेबांना कुणाबरोबरही फोटो काढायला आवडतो. परवा लिफ्टवाल्याबरोबरही काढला. झाला तुमचा परदेशी मालक.

पण गेल्या सोमवारी एका व्यापारी साप्ताहिकात छापून आलंय की आमची कंपनी परदेशी हातात जाणार, 'विश्वसनीय गोटातून समजते'. तेव्हापासून इथे कुणाचं कामात लक्ष नाही. ज्यांच्याकडे शेअर आहेत ते दर तासाला भाव बघतात, ज्यांच्याकडे नाहीत ते नव्या मालकाच्या भाषेचे धडे गिरवतात. आणि मालक कुठल्या देशाचा हेच ठरलेलं नसल्यामुळे दोघं जण दोन वेगळ्या भाषा शिकतायत. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. भाव रोज चढतोय. साहेबांना वरून फोनवर फोन.

मामा, त्या बातमीत लिहिलंय की पाहुण्यांनी शांत खोली टेप लावून मोजली. ती खोली मोजली तेव्हा आत साहेब होते आणि मी होते. साहेबांनी अजून मला काही विचारलेलं नाही, पण आज ते माझ्याकडे बराच वेळ बघत होते.

तुम्ही मास्तरांखेरीज खरंच कुणाला बोलला नाहीत ना? आणि हात जोडून सांगते, आणखी शेअर घेऊ नका. छपराच्या पैशांना हात लावू नका.

खारूताई

२ एप्रिल

चि. खारूताईस आशीर्वाद.

कळलं हो मला, सगळं कळलं. बिजागरी म्हणे. तुला नाही म्हणायला सांगितलंय हे न कळण्याइतका मी कच्चा नाही. छापखान्यात निवडणुकीची पत्रकं छापायचो तेव्हा उभं राहणार नाही म्हणणाऱ्यांचीच आधी छापायचो. तू सांभाळून राहा, तोंड बंद ठेव, मामा तुला पुन्हा विचारणार नाही.

इथे मात्र दिवाणखान्यापासून रस्त्यापर्यंत एकच विषय. औषधवाल्याने शेअर घेतले. न्हाव्याने घेतले. बायकोला न सांगता घेतले, आणि सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला त्याने स्वतःच ते सांगितलं. मी त्याला सल्ला दिला नव्हता, त्याला कुठून सुगावा लागला देव जाणे. भाव बघून मास्तर रोज चहा पाजतात. सगळे मला 'जाणकार' म्हणायला लागलेत. छापखाना बंद झाल्यापासून मला कुणी काही म्हटलं नव्हतं, ते ऐकायला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

साप्ताहिकवाल्याला कुठून कळलं याचं मलाही नवल वाटतं. मी मास्तरांच्या कानापलीकडे गेलेलो नाही, तुझ्या गळ्याशपथ. भिंतीला कान असतात म्हणतात ते खोटं नाही.

तुझा,
मामा

(चिठोऱ्यावर)

बाई गं, भिंतीला कशाला कान हवेत? न्हाव्याची बायको काल मला बाजारात भेटली, तिने सांगितलं ते ऐक. यांनी मास्तरांच्या कानाशी तोंड नेलं, हाताचा आडोसा केला, आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं तुझं पत्र सांगितलं. टेपसकट. खुर्चीत तोंडाला साबण फासून एक गिऱ्हाईक बसलं होतं. ते म्हणे त्या साप्ताहिकात बाजाराचं सदर लिहितं. अर्धी दाढी तशीच ठेवून ते उठलं आणि गेलं.

यांना आपण कुजबुजलो असंच वाटतंय. किती मोठ्याने बोलतात ते यांचं यांना ऐकूच येत नाही. मी सांगायला गेले तर म्हणाले, ओरडतेस कशाला?

छपराचे पैसेही गेलेच त्यात. आता काय बोलू?

मामी

९ एप्रिल

प्रिय मामी,

हे पत्र तुला आहे. मामांना दाखवू नकोस.

तुझी चिठ्ठी वाचली आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले. सांगितलं, बातमी माझ्याकडून गेली, मी घरी पत्रात लिहिलं होतं. नाव कुणाचं घेतलं नाही. त्यांनी आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. ते फक्त म्हणाले, चौकशी होईपर्यंत शांत खोलीची किल्ली ठेवून जा. सध्या मी खाली तक्रारींच्या खिडकीवर बसते. कुणाच्या यंत्राची वायर तुटली, कुणाच्या कुत्र्याने चावून टाकलं, ते लिहून घेते.

कंपनीने कालच जाहीर केलं की विक्रीबिक्री काही नाही. भाव धाडकन खाली आला, आधी होता त्याच्याही खाली. वरचे लोक चिडलेत, खर्च कापा म्हणतायत, आणि कापायला सगळ्यात सोपा आमचा विभाग. जूनपर्यंतची मुदतसुद्धा राहील की नाही सांगता येत नाही. बाकी तिघं मला काही बोलत नाहीत, डबा खाताना जागा करून देतात, त्यानेच जास्त रडू येतं.

मला मामांचा राग आलाय, मामी. तुमच्याकडे राहून शिकले, त्यांनी मला सायकल शिकवली, म्हणून राग येणार नाही असं थोडंच आहे? यंत्र घ्या, यंत्र घ्या म्हणून किती वर्षं मागे लागले. घेतलं असतं तर हे झालंच नसतं. पण त्यांना सांगू नकोस. ते खचतील, आणि मला ते नकोय. थोडे दिवस मी लिहिणार नाही.

तुझी,
खारूताई

२८ एप्रिल

चि. खारूताईस,

तुझ्या मामीने तुझं पत्र आठ-दहा दिवस पिठाच्या डब्यात लपवलं आणि मग स्वतःच आणून माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, मला नाही हे पचत. तिच्यावर रागावू नकोस.

पत्र वाचूनही आधी मी मान्य केलं नाही. मी कुजबुजलो होतो, मला आठवतंय ना. तेव्हा तिने मास्तरांना घरी बोलावलं. मला म्हणाली, मास्तरांच्या कानात काहीही सांगा, हळू. ती आत गेली, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मी मास्तरांच्या कानाशी वाकलो आणि जितकं हळू जमेल तितकं हळू म्हणालो की हिने शिवलेला एकही शर्ट मला आजवर नीट बसलेला नाही. दार उघडलं आणि ती बाहेर आली ती कात्री घेऊनच. तेव्हा मी मान्य केलं.

मास्तर बिचारे कान चोळत बसले होते. त्यांनी कागदावर लिहून दिलं, तुम्ही बोललात की माझ्या कानात दडे बसतात, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून इतकी वर्षं कुणी बोललं नाही. खारे, तो कागद वाचून मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. आजवर जे जे कुणाच्या कानात सांगितलं ते सगळं आठवत बसलो. औषधवाल्याचे वडील गेले तेव्हा त्यांच्या ओटीवर बसून मी मास्तरांना हळूच म्हणालो होतो की गेलेला माणूस पक्का कंजूष होता. म्हणजे ते सगळ्यांनी ऐकलं. तरी औषधवाला मला खोकल्याचं औषध देतो.

न्हावी माझ्याशी बोलत नाही. दाढी करतो, आरसा दाखवतो, बोलत नाही. त्याचे पैसे अडकलेत, त्याची बायकोही त्याच्याशी बोलत नाही. तो गप्प झालाय हे मला आठवडाभर कळलंच नव्हतं, कारण तो बोलायचा तेव्हाही मला काही कळत नव्हतं.

तुझं काम घालवलं मी. त्या आजोबांचं आणि तोतऱ्या नातीचं तू लिहिलं होतंस ते मी पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा घाईघाईने पुढे टेपवर गेलो होतो. माफ कर म्हणणं सोपं आहे, म्हणून त्याबरोबर एक काम केलंय. तुझ्या साहेबांना पत्र लिहिलं. त्यात सगळं आहे, साबणासकट. लिहिलंय की मुलीने मामाला खुशालीचं पत्र लिहिलं, त्यात तिचा दोष नाही. दोष माझ्या गळ्याचा आणि त्याहून जास्त माझ्या हट्टाचा. तिला खोलीत परत घ्या. आणि कुणी म्हणत असेल की तुमच्या यंत्राची कुणाला गरज नाही, तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी त्याच्या कानात सांगतो.

ते बाजूला ठेवलेलं यंत्र अजून आहे का?

तुझा,
मामा

२० मे

ती. मामा,

आहे. तुमचंच आहे.

आता मी जे लिहितेय ते आज सकाळच्या सगळ्या पेपरांत आलंय, तेव्हा न्हाव्याच्या दुकानात खुशाल कुजबुजा.

तुमचं पत्र साहेबांनी माझ्यासमोर वाचलं. अर्ध्या दाढीपाशी आले आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मग म्हणाले, उद्यापासून वर जा, आणि पुढच्या वेळी घरी हवापाण्याचं लिही. किल्ली परत दिली. पत्र मात्र परत दिलं नाही, स्वतःच्या खणात ठेवलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. तुमची ती अफवा समुद्रापार गेली. तिथली कानाची यंत्रं विकणारी एक मोठी कंपनी घाबरली, की ज्या कंपनीच्या मागे कुणीतरी लागलंय तिच्याकडे आपलं लक्षच कसं गेलं नाही? त्यांनी दोन माणसं पाठवली. या वेळी खरीखुरी. साहेबांनी त्यांना शपथेवर सांगितलं की आम्हाला कुणी विकत घेत नाहीये. ते जितकं नाही म्हणाले तितका पाहुण्यांचा विश्वास वाढत गेला. तुम्हीच आठवलात मला. शेवटी साहेब म्हणाले, एवढ्या लांब आलाच आहात तर बघून जा, आणि त्यांना शांत खोलीत आणलं. नवी बिजागरी बसलीय, दार आता अजिबात वाजत नाही.

मी त्यांना घरच्या आवाजाची पद्धत दाखवली. ते तोंडावर काही दाखवत नव्हते. मग साहेबांनी खणातून तुमचं पत्र आणलं आणि आमच्यातल्या एकाने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. त्यांच्यातली बाई औषधवाल्याच्या ओटीपाशी खुदकन हसली, आणि मास्तरांच्या कागदाचा भाग तिने पुन्हा सांगायला लावला. नंतर म्हणाली, यंत्र लावलेल्या माणसाला दुसऱ्याचं ऐकू येतं हे सगळेच विकतात. स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे कळतं, असं आम्ही गिऱ्हाइकाला कधी सांगितलंच नाही.

कंपनी त्यांना नकोय. त्यांना आमची पद्धत आणि आमची यंत्रं हवीत. आधी थोडीच, त्यांच्याकडच्या तीन गावांत. लोकांना रुचली तर पुढे आणखी. फार मोठी मागणी नाही, पण साहेब म्हणाले, विभागाला हात लावायचं कारण आता उरलं नाही. आम्ही चौघं लिफ्टमध्ये नाचलो. लिफ्ट पुन्हा बंद पडली.

भाव थोडा वर आलाय. आभाळाला नाही भिडला, पण न्हाव्याची बायको बोलायला लागेल इतका आहे.

मला राग आला होता. आता नाही. तुमच्या पत्राने गेला, मागणीने नव्हे. एवढं तुम्हाला माहीत असावं.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी या. बरोबर एक माणूस आणायचंय, ज्याचं बोलणं सगळ्यात आधी ऐकायचंय असं. कोण ते तुम्ही ठरवा.

तुमची,
खारूताई

१५ जून

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

कुणाला आणायचं यावर मी फार विचार केला असं तुझ्या मामीला सांगितलंय. खरं म्हणजे केला नाही.

खोलीत काय झालं ते तू काचेपलीकडून पाहिलंसच, पण माझ्या बाजूने सांगतो. घरात हिचे ओठ अखंड हलत असतात. तुझ्या त्या स्पंजांमध्ये बसवल्यावर मात्र हिला एक शब्द सुचेना. तू खुणावत होतीस, बोल, काहीही बोल. शेवटी हिने भिंतीवरची पाटी वाचली. इतक्या वर्षांनी माझ्या बायकोचं पहिलं धड वाक्य माझ्या कानावर पडलं ते असं, 'आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये.' आणि मी रडलो. तू ते पाहिलं नाहीस असं दाखवलंस, त्याबद्दल आभारी आहे.

घरी आल्यावरचं तुला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेपर उघडून बसलो होतो, ती समोर कपड्यांच्या घड्या करत होती. यंत्र माझ्या कानात होतं, पण ती सवयीने विसरली. बोलत होती. मोठ्याने नाही, अगदी रोजच्या आवाजात. या शर्टाचं बटण सैल झालंय. मावशी रविवारी येते म्हणाली. आज यांचा चेहरा उतरलाय, पोट बिघडलं असेल, विचारलं तर सांगणार नाहीत. मग उशीच्या अभ्र्याबद्दल काहीतरी. मी पेपर खाली केला नाही. खारे, मला वाटायचं वयानुसार ही अबोल झालीय आणि ओठ नुसते पुटपुटण्यासाठी हलतात. हिचं एकही वाक्य थांबलेलं नव्हतं. मीच तिथे नव्हतो.

शेवटी पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, "मला ऐकू येत नाही हे ठाऊक असून तू इतकी वर्षं बोलत का होतीस?"

ती म्हणाली, "मग कुणाशी बोलायचं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी. सख्खी भाची कानाची यंत्रं बनवते, आणि मी त्याच कंपनीच्या शेअरचा भाव ऐकायला गावभर फिरत होतो.

बाकी ठीक. थोडे शेअर विकून छपराचं काम काढलंय, उरलेले ठेवलेत. तुझ्या विभागाचे म्हणून, भावाचे म्हणून नव्हे. न्हावी बोलायला लागलाय. आता मला ऐकू येतं म्हणून जरा जास्तच बोलतो. औषधवाल्याकडे जाऊन वडिलांबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, कंजूष होतेच ते.

मास्तरांना मी आता कानात काही सांगत नाही. समोर बसून सांगतो.

आज संध्याकाळी फोन कर. गुडघ्याचं विचार.

तुझा,
मामा

(चिठोऱ्यावर)

पाकीट अजूनही मीच चिकटवते.

छपराचं काम छान चाललंय. यांचं एक नवीनच सुरू झालंय. स्वतःचा आवाज ऐकून इतके बिचकलेत की हल्ली फार हळू बोलतात. मला तर काही म्हणजे काही कळत नाही. हातातलं काम टाकून उठावं लागतं आणि अगदी जवळ जाऊन बसावं लागतं.

बसते.

मामी